दोन थेंबांमधली दहा मिनिटे

हंगामाच्या सणाला आमच्या घरून दरवर्षी लाल भोपळा जायचा. तो इंदापूरच्या आठवडी बाजारात विकत घेतलेला असायचा. आम्हाला शेत नाही. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर, पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली शेतकरी घरे पिकाचा पहिला वाटा चर्चमध्ये वेदीपुढे आणून ठेवतात. उसाची मोळी, मक्याची कणसे, डाळिंबे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपली की आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो. नोकरदार घरे बाजारातून काहीतरी आणून त्यात ठेवून देतात. याला कोणी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही.

त्या वर्षी आमच्या मुलीने घेतली. ती सोळा वर्षांची होती, अकरावीत.

"पप्पा, हा भोपळा आपण पिकवलाय का?"

"नाही."

"मग दुसऱ्याचा भोपळा देवाला आपला म्हणून कसा देतो आपण?"

पत्नी म्हणाली, "पैसे आपले आहेत."

"मग पैसेच द्या. भोपळ्याला कशाला मध्ये घेता?"

विषय तिथे थांबला, कारण घरात त्या दिवसांत मोठा विषय वेगळाच होता. दहावीच्या निकालानंतर तिला मोबाईल घेऊन दिला होता. दिवाळीची सुट्टी लागली आणि तो तिच्या हातातून सुटेना. फोन स्वतःच वेळेची नोंद ठेवतो. रोजची सरासरी चार तास पन्नास मिनिटे दिसत होती. त्यातला बराचसा वेळ रील्समध्ये जायचा आणि उरलेला, कोणी काय टाकले आणि त्यावर कोणी काय लिहिले हे बघण्यात. ती वाईट काही पाहत नव्हती. मी तपासले होते. वाईट काही सापडले असते तर बोलायला सोपे गेले असते.

मी तीन उपाय केले. आधी समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि फोन घेऊन आत गेली. मग फोनला ठरावीक वेळेनंतर बंद होणारे कुलूप घातले. त्याचा आकडा माझ्या लग्नाच्या तारखेचा होता. तिने तो पहिल्याच प्रयत्नात ओळखला आणि वर आईला सांगितले, "बघ, पप्पांना तारीख लक्षात आहे." तिसरा उपाय थोडा टिकला. संध्याकाळी सात ते नऊ सगळ्यांचे फोन पोळ्यांच्या जुन्या डब्यात ठेवायचे. या वेळात आमच्या घरी प्रार्थना आणि जेवण होते. डब्यात दोन फोन जायचे. माझा जात नसे. बातमीदाराचा फोन बंद राहू शकत नाही, असे मी सांगितले होते.

"आणि बातमीदाराच्या मुलीचा?" तिने विचारले.

"तिला कोण फोन करणार आहे?"

"हेच तर दुःख आहे," ती म्हणाली आणि डब्याचे झाकण लावले.

त्याच आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब संध्याकाळच्या प्रार्थनेला घरी आले. ते महिन्यातून एकदा प्रत्येक घरी येतात. चहाच्या वेळी पत्नीने डब्याची गोष्ट काढली. त्यांनी मुलीला उपदेश केला नाही. एक गणित घातले.

"आईवडील पगाराचा दशांश, म्हणजे दहावा भाग, चर्चला देतात. दिवसाचा दशांश किती होतो, काढ बघू."

"फोन डब्यात आहे," ती म्हणाली.

"तोंडी काढ."

तिला थोडा वेळ लागला. "दोन तास चोवीस मिनिटं."

"आणि फोनवर किती जातात?"

"चार पन्नास." मग ती स्वतःच म्हणाली, "म्हणजे मी दोन दशांश देते."

"कुणाला?"

पाळकसाहेबांनी उत्तर मागितले नाही. बशीतला शेवटचा शंकरपाळा घेतला आणि निघाले.

पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केले की ज्यांना शेत नाही त्यांनी या हंगामाच्या सणाला बाजारातल्या भाज्या आणू नयेत. त्यांनी वेळ आणावा. चिठ्ठीवर लिहावे की रोज किंवा आठवड्याला किती वेळ देणार आणि किती दिवस. ज्या घरी गरज असेल ते घर तो वेळ घेईल. तरुण संघाच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मी मनात त्याची चौकट बातमी केली.

सणाच्या दिवशी वेदीपुढे नेहमीसारखा ढीग होता आणि बाजूला सुपात चिठ्ठ्या. लिलाव दरवर्षी कळंबचे एक वयस्क पंच करतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांची ऊसशेती आहे. कोंबडा आणि डाळिंबे संपल्यावर त्यांनी सूप पुढे ओढले आणि माझीच चिठ्ठी पहिली उचलली. मी लिहिले होते: आठवड्याला तीन तास, मंडळीचा इतिहास लिहिण्यासाठी.

"इतिहास," आबांनी वाचले. "तीन तास. कुणाला पायजे?"

कोणाला नको होता.

"एक वार," आबा सवयीने म्हणाले. "दोन वार." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "ऱ्हाऊ द्या, मी घेतो. पण इतिहास नगं. नातीचं लगीन हाय, पत्रिकंचा मजकूर लिवून द्या. तीन तासात व्हतंय न्हवं?"

सगळे हसले. पुढची चिठ्ठी मुलीची होती.

"दोन तास चोवीस मिन्टं," आबांनी वाचले. "रोज. सा आठवडं. ही चोवीस मिन्टं काय भानगड हाय?"

"दशांश," मुलगी मागच्या रांगेतून म्हणाली.

कोणीतरी सवयीने "पन्नास रुपये" अशी बोली लावली.

"आरं, पैसं न्हाय लावायचं. ज्याला गरज आसंल त्यानं हात वर करायचा."

"मग लिलाव कशाला म्हणता, आबा?"

"मी कुठं म्हणलो? तुमी म्हणताय."

या बोलण्यात पुढच्या बाकावरचा एक हात बराच वेळ वर होता. तो सिस्टरबाईंचा होता.

सिस्टरबाई निवृत्त परिचारिका. वय पंच्याहत्तरच्या पुढे. लग्न केले नाही. नोकरीची सगळी वर्षे वॉर्डात गेली आणि निवृत्तीनंतर त्या आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आल्या. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने गेला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकला होता आणि त्याचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात बारामतीला ठरले होते. हा एकच डोळा उरला होता. ऑपरेशननंतर दिवसातून सहा वेळा दोन प्रकारचे थेंब टाकावे लागणार होते आणि ते स्वतः टाकायला त्यांना दिसत नव्हते. हे त्यांनी उभ्या राहून, रुग्णाची माहिती पुढच्या पाळीला द्यावी तसे, चार वाक्यांत सांगितले.

"सहा खेपा. एका खेपेला चोवीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "हिशेब अगदी बरोबर बसतो. ही मुलगी मला द्या."

घरी येताना मुलगी गल्लीच्या तोंडाशी म्हणाली, "पप्पा, मला वाटलं कुणाच्या तरी पोरांचा अभ्यास घ्यावा लागेल. डोळा म्हणजे जास्तच झालं."

"नाही म्हणून सांगू?"

"नको. पण जास्त झालं."

ऑपरेशन व्यवस्थित झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि सहा खेपा सुरू झाल्या. सकाळी सातला पहिली, मग दर अडीच तासांनी, शेवटची संध्याकाळी साडेसातला. मुलीने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर प्रत्येक खेपेला खूण करण्यासाठी चौकोन आखले. सिस्टरबाईंनी पहिल्या दिवशी तिला हात धुवायला शिकवले. साबण, मनगटापर्यंत, नखांच्या मागे, आणि नळ कोपराने बंद करायचा. तिने सांगितले की एवढे हात धुवायला शाळेत एक आख्खा तास लागला असता.

दाराशी त्यांचा नियम होता. चप्पल आणि मोबाईल बाहेर.

"आजी, मोबाईल बाहेर ठेवला तर कुणी उचलून नेईल."

"मग चप्पल पण नेईल. तू चपलेची काळजी करत नाहीस."

दोन बाटल्यांच्या मध्ये दहा मिनिटे जावी लागतात. लगेच दुसरा थेंब टाकला तर पहिला वाहून जातो. ही दहा मिनिटे रुग्णाने डोळे मिटून पडायचे असते आणि टाकणाऱ्याने काहीच करायचे नसते. मुलीच्या मते हाच सगळ्यात अवघड भाग होता. पहिले दोन दिवस ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने विचारले, "दहा मिनिटं एवढी मोठी असतात हे तुम्हाला माहीत होतं?"

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आले की सिस्टरबाईंचे ओठ हलतात.

"आजी, काय म्हणताय?"

"प्रार्थना."

"कुणासाठी?"

"आत्ता सात नंबर."

सिस्टरबाईंना रुग्णांची नावे फारशी आठवत नव्हती. खाटांचे क्रमांक आठवत होते. सात नंबरला भाजलेली बाई होती. अकरा नंबरला ऊसतोडणीला आलेली बाळंतीण, तिला तिसऱ्या दिवशीच परत फडात जायचे होते. चार नंबरला एक म्हातारा होता, तो प्रत्येक इंजेक्शनला त्यांना शिव्या द्यायचा आणि घरी जाताना गूळ देऊन गेला. हे लोक आता कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे त्यांना माहीत नव्हते. दोन थेंबांच्या मधल्या वेळात त्या एकेक खाट घेत. दहा मिनिटांत साधारण अर्धा वॉर्ड होतो, असे त्यांनी मुलीला सांगितले.

मुलगी घरी येऊन म्हणाली, "त्यांना माणसांचं काय झालं हे माहीतच नाही, तरी चालू आहे."

पत्नी म्हणाली, "म्हणूनच चालू असेल."

त्यानंतर ती घड्याळाबद्दल बोलली नाही. एकदा मी विचारले, तेव्हा तिने सांगितले की तीही आता वर्गातल्या मुलींचे घेते. रोल नंबरने. तेवीस नंबरशी तिचे भांडण होते, तिचेही घेतले. फोनच्या नोंदीत त्या आठवड्याची सरासरी दोन तासांच्या आत आली होती. मी ते पाहिले हे तिला कळले.

"तुम्ही माझा निकाल बघताय का?"

"सहज पाहिला."

"तुमचा दाखवा."

मी दाखवला नाही. माझा पाच तास दहा मिनिटे होता.

दुसऱ्या आठवड्यात बारामतीला पत्नीच्या माहेरी साखरपुडा होता. मायलेकी साडेनऊच्या खेपेनंतर गेल्या. बारा आणि अडीचची खेप माझ्याकडे आली. मुलीने मला हात धुवायला शिकवले, चौकोन दाखवला आणि दाराच्या नियमाची आठवण करून दिली. मी चप्पल बाहेर काढली. फोन आवाज बंद करून खिशात ठेवला. सिस्टरबाईंचे डोळे मिटलेले असतील, त्यांना दिसणार नाही, एवढाच विचार मी केला होता.

बाराची खेप नीट झाली. अडीचला पहिला थेंब टाकला आणि खुर्चीत बसलो. तिसऱ्या मिनिटाला खिशात फोन थरथरला.

"पत्रकार, तुमची चप्पल वाजतेय," सिस्टरबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"आलोच एक मिनिटात," मी म्हणालो आणि बाहेर गेलो.

डाळजजवळ महामार्गावर दुधाचा टँकर उलटला होता. कार्यालयाला फोटो हवा होता. मी बोलत बोलत गल्लीच्या बाहेर आलो, घरासमोर मोटारसायकल होती, तिच्यावर बसलो आणि निघालो. हे मी ठरवून केले नाही. पंचवीस वर्षांत अशा फोननंतर दुसरे काही कधी केलेच नव्हते.

डाळजला पोहोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता. कोणालाही इजा झालेली नव्हती. आजूबाजूचे लोक बादल्या आणि कळशा घेऊन आले होते. मी फोटो काढले, चालकाशी बोललो, पोलिसांशी बोललो, रस्त्याच्या कडेला बसून मजकूर पाठवला. पाठवून झाल्यावर दुसरी बाटली आठवली.

मी सिस्टरबाईंना फोन केला.

"दुसरा थेंब राहिला," मी म्हणालो.

"झाला तो."

"कोणी टाकला?"

"झाला म्हटलं ना. तुम्ही तुमचं काम करा."

बातमीत मी पहिल्या उत्तरावर कधी थांबत नाही. तिथे थांबलो.

मुलगी पाचच्या खेपेला परत आली होती. तिने अडीचच्या कोऱ्या राहिलेल्या चौकोनाबद्दल विचारले, तेव्हा सिस्टरबाईंनी तिलाही तेच सांगितले. तिने चौकोनात खूण केली. रात्री साडेसातच्या खेपेला तिला डोळा किंचित लाल वाटला. सकाळी सातला तो चांगलाच लाल होता आणि सिस्टरबाईंनी दुखतोय असे स्वतः सांगितले. त्या स्वतःहून दुखतेय म्हणणाऱ्या नव्हेत. सिस्टरबाई, मुलगी आणि मी लगेच माझ्या कारमधून बारामतीला निघालो.

डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिले.

"काही लागलं का डोळ्याला?"

सिस्टरबाई आम्हाला जे बोलल्या नव्हत्या ते डॉक्टरांना लगेच बोलल्या. "काल दुपारी दुसरं औषध मी स्वतः टाकलं. चाचपडताना बाटली खाली पडली. उचलून तशीच टाकली. टोक डोळ्याला लागलं."

"तुम्ही सिस्टर ना? पडलेली बाटली वापरायची नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण वेळ झाली होती."

"घरी कोणी नव्हतं?"

"होते," सिस्टरबाई म्हणाल्या. "कामात होते."

मुलीने माझ्याकडे पाहिले.

डॉक्टरांनी बाटल्या बदलल्या. जंतुसंसर्गाची शंका होती. दोन दिवस दर तासाला थेंब टाकायचे, तिसऱ्या दिवशी दाखवायला यायचे. लाली उतरली तर ठीक, नाहीतर पुण्याला न्यावे लागेल आणि नजरेची खात्री देता येणार नाही. त्यांनी हे सगळे सिस्टरबाईंना सांगितले, आम्हाला नाही. सिस्टरबाईंनी नव्या औषधाचे नाव विचारले, मात्रा विचारली आणि उठल्या. जिना उतरताना त्यांनी मुलीचा दंड धरला होता. इतक्या दिवसांत त्यांनी कधी कोणाचा आधार घेतलेला मी पाहिला नव्हता.

गळीत हंगाम सुरू झाला होता. जंक्शन गावाच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि गाडी पुढे सरकत नव्हती. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "पप्पा, कडेला घ्या. वेळ झाली." दवाखान्यातून निघाल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

मी गाडी कडेला घेतली. तिने बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, सिस्टरबाईंचे डोके मांडीवर घेतले आणि पहिला थेंब टाकला. मग दहा मिनिटे आम्ही तिघे तिथे बसून राहिलो. शेजारच्या ट्रॅक्टरवर जोरात गाणी लागली होती. मुलगी खाली उतरली, चालकाशी काहीतरी बोलली. आवाज कमी झाला.

परत येऊन तिने दार लावले आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमचा फोन डब्यात नसतो ना, पप्पा. म्हणून झालं हे."

"हो," मी म्हणालो.

"तिला गप्प बसायला सांगा," सिस्टरबाई डोळे मिटून म्हणाल्या. "माझा आख्खा वॉर्ड राहिलाय."

घरी पोहोचल्यावर मी फोन पत्नीच्या हातात दिला. पुढचे दोन दिवस तो पोळ्यांच्या डब्यात होता. सकाळी सहापासून रात्री झोपेपर्यंत तासातासाला थेंब टाकायचे, म्हणून आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या. डॉक्टरांनी झोपेची मुभा दिली होती. सकाळची पाळी पत्नी, दुपारची मी, संध्याकाळची मुलगी. कार्यालयातून दुसऱ्या दिवशी फोन आला. पत्नीने डबा उघडून तो उचलला.

"साहेब कुठे आहेत?"

"ड्युटीवर," ती म्हणाली आणि झाकण लावले.

माझ्या पाळीत पहिल्या दुपारी मी माफी मागायचे ठरवून गेलो होतो. थेंब टाकला आणि बोलायला सुरुवात केली.

"नंतर," सिस्टरबाई म्हणाल्या. "आज पेपर आला का?"

"आला."

"तुमची बातमी वाचा."

मी वाचली. आतल्या पानावर एक कॉलम, सात ओळी, फोटोशिवाय.

"एवढीच?"

"एवढीच."

"दुधाचं काय झालं?"

"लोकांनी बादल्या भरून नेलं."

"ते कुठे लिहिलंय?"

"जागा नव्हती."

त्या हसल्या. हसताना डोळा आवळू नका, असे मला सांगावे लागले. मग मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मीच आणखी हाका मारायला हव्या होत्या. दोनदा मारली, तिसऱ्यांदा लाज वाटली. पंच्याहत्तर वर्षं कुणाला हाक मारली नाही. सवय नाही." दुसऱ्या थेंबाला अजून सात मिनिटे होती. त्या सात मिनिटांत मी काय केले ते लिहिण्यासारखे नाही. मला प्रार्थना मोठ्याने करायची सवय आहे, मंडळीत किंवा घरी, सगळ्यांच्या पुढे. तिथे ऐकणारी एक म्हातारी होती आणि ती स्वतःच्या खाटांमध्ये गुंतलेली होती. मी सिस्टरबाईंच्या डोळ्याव्यतिरिक्त काही मागितले नाही. डोळ्याबद्दल बरेच बोललो.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बारामतीला गेलो. लाली निम्म्याने उतरली होती. डॉक्टरांनी पुण्याचे नाव काढले नाही. चौथ्या दिवसापासून सहा खेपा पुन्हा सुरू झाल्या, पुढच्या आठवड्यांत चार झाल्या, मग दोन. नजर मात्र धूसर होती. चष्म्याचा नंबर काढल्यावरच काय ते कळेल, असे डॉक्टरांनी सांगितले. कॉलेज सुरू झाले तशी मुलगी सकाळी जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर जायची. तरुण संघाच्या इतर चिठ्ठ्यांपैकी काही पाळल्या गेल्या आणि काही नाहीत. आबांची पत्रिका मी लिहिली. तिला तीन तास लागले नाहीत, पाच लागले, कारण आबांना निमंत्रकांमध्ये गावातली सगळी माणसे हवी होती.

संध्याकाळी सात ते नऊ डब्यात आता तीन फोन असतात. पहिल्या आठवड्यात माझ्या दोन बातम्या चुकल्या. एक दुसऱ्या वार्ताहराने दिली, एक कोणीच दिली नाही आणि त्याबद्दल कोणी विचारलेही नाही. मुलीची सरासरी जानेवारीत पुन्हा अडीच तासांवर गेली. मी ते इथे नोंदवतो, कारण ते खरे आहे. एका संध्याकाळी तिने स्वतः फोन दाखवला आणि म्हणाली, "दशांशाच्या वर सहा मिनिटं. आरडाओरडा करू नका." मी केला नाही. माझी त्या आठवड्यातली सरासरी तिला दाखवली. ती बराच वेळ हसत होती.

पण त्याआधी, नाताळला तीन दिवस राहिले असताना, चष्मा तयार होऊन आला. आम्ही तो बारामतीहून आणला आणि संध्याकाळच्या खेपेला सिस्टरबाईंकडे नेला. शेवटची खेप होती. मुलीने आधी दोन्ही थेंब टाकले. तिची नाताळच्या कार्यक्रमाची तयारी चालू होती, नवा ड्रेस दाखवायला म्हणून घरून घालूनच आली होती. दुसरा थेंब टाकून झाला. आणखी काही मिनिटे त्या पडून राहिल्या. मग उठून बसल्या, रुमालाने गाल पुसला आणि चष्मा घातला.

खोलीत पत्नी, मी आणि मुलगी होतो. सिस्टरबाईंनी आधी दाराकडे पाहिले, मग कॅलेंडरकडे, मग समोर बसलेल्या मुलीकडे. चेहऱ्याकडे थोडा वेळ. मग त्यांची नजर खाली आली.

"हात पुढे कर."

मुलीने दोन्ही हात पुढे केले. नखे कार्यक्रमासाठी वाढवलेली होती आणि त्यांना लाल पॉलिश लावलेले होते.

"ही नखं कधीपासून?"

"दोन आठवडे झाले."

"आणि या नखांनी माझ्या डोळ्यात औषध टाकत होतीस?"

"आजी, मी हात धुवत होते. नखांच्या मागे पण."

"ते ऐकू येत होतं. नखं ऐकू येत नाहीत." त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि न चाचपडता सरळ नेलकटर काढला. "इकडे सरक, उजेडात."

"आजी, परवा कार्यक्रम आहे. एवढा झाला की काढते. आज शेवटची खेप होती ना."

"माझी शेवटची. उद्या कुणाच्या डोळ्यात टाकायला जाशील, त्याचं काय?"

मुलीने माझ्याकडे आणि आईकडे पाहिले. आम्हा दोघांकडूनही मदत मिळाली नाही. ती खुर्ची घेऊन दिव्याखाली सरकली आणि हात सिस्टरबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी अंगठ्यापासून सुरुवात केली. प्रत्येक बोट दिव्याकडे धरून बघायच्या, कापायच्या, पुन्हा बघायच्या. एकही नख वाकडे गेले नाही. दहा बोटांना बराच वेळ लागला. त्यांनी तो पुरेपूर घेतला.